खडकाला आडवी लागलेली राफ्ट: त्या क्लिपमध्ये नेमकं काय चुकलं?

कसबा_बावडा
कोल्हापूरच्या निम्म्याअधिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक क्लिप फिरतेय. मित्रांचा ग्रुप, राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबांच्या रबरी होडीत, सात जण, मागे गाइड. नदी कुठली आणि आयोजक कोण यावरून तिकडं भरपूर राडा झालाय, तो इथं नको. काय झालं, का झालं आणि काय करायला हवं होतं, एवढंच बोलू.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नदीच्या खळाळत्या उतारावर राफ्ट डावीकडं वळवायची आहे, गाइड ओरडतोय. उजव्या बाजूचे पुढचे दोघे पॅडल मारायचे थांबतात, एकाचा हात हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याकडं. राफ्ट वळतच नाही, आडवी होते आणि नदीच्या मधल्या मोठ्या खडकाला कुशीनं टेकते. सगळे दचकून खडकापासून लांब सरकतात. दोन-तीन सेकंदांत वरच्या अंगाची (जिकडून पाणी येतं त्या बाजूची) ट्यूब पाण्याखाली जाते, राफ्ट खडकावर उभी राहते आणि पाच जण पाण्यात. एक जण राफ्टखाली गायब होतो, बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं वर येतो. दुसरा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला जातो आणि तोंडावर आपटतो. डोकं पाण्याखाली, पाय कुठंतरी अडकलेला. बरीच धडपड केल्यावर पाय सुटतो. सगळे सुखरूप बाहेर आले.

बहुतेकांची प्रतिक्रिया 'नशीब बलवत्तर'. ते असेल तर असो. जाणकारांनी लिहावं.

उलटा_प्रवाह
राफ्ट खडकाला टेकली तोवर फारसं काही बिघडलं नव्हतं, राफ्टिंगमध्ये हे होतच राहतं. सगळे खडकापासून लांब सरकले तिथं घात झाला.

राफ्ट थांबते, पण नदी थांबत नाही. वरून येणारं पाणी वरच्या अंगाच्या ट्यूबवर चढायला बघतं. माणसांचं वजनही त्याच अंगाला गेलं की ती ट्यूब आणखी दबते, पाणी आत घुसतं, आणि मग राफ्ट एक तर उलटते नाहीतर खडकाला गुंडाळली जाते. हल्लीच्या राफ्टचा तळ आपोआप पाणी बाहेर टाकतो, त्याच्या कडेनं भोकं असतात. पण ती लाटेतून आत आलेलं पाणी काढायला. अख्खा प्रवाह आत वळला तर त्यांचा काही उपयोग नाही.

यावर उपाय एकच, खडकाकडं झेपावायचं. गाइड 'हाय साइड' ओरडतो, कुणी 'ओव्हर राइट', 'ओव्हर लेफ्ट' म्हणतं. सगळ्यांनी मिळून खडकाच्या बाजूच्या ट्यूबवर छाती टाकायची, गुडघे राफ्टच्या तळावर, पॅडलची मूठ हातात घट्ट. अंगातली सवय याच्या बरोबर उलटं सांगते, कारण ज्यावर आदळलो त्यापासून माणूस मागं सरतो. म्हणूनच हा हुकूम काठाजवळच्या संथ पाण्यात चार-पाच वेळा करून घ्यायचा असतो. 'फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप' एवढं शिकवून राफ्ट प्रवाहात ढकलणाऱ्या आयोजकानं निम्मंच शिकवलं.

वजन खडकाकडं गेलं की राफ्ट तिथं टिकते आणि विचार करायला वेळ मिळतो. कुठल्या टोकाला पाण्याची ओढ जास्त आहे ते गाइड बघतो, माणसांना दुसऱ्या टोकाला पाठवतो. हलकं झालेलं टोक प्रवाहाबरोबर फिरतं आणि राफ्ट घसरून मोकळी होते.

पॅडल थांबवणाऱ्यांबद्दल: राफ्टला वेग असला तरच ती वळते. पाण्याच्याच वेगानं वाहणारी राफ्ट म्हणजे ओंडका. घाबरून हात थांबतात तो क्षण नेमका जोर लावायचा असतो.

जलसंपदा_निवृत्त
आकडे देतो म्हणजे अंदाज येईल. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. १४ फुटी राफ्ट आडवी लागली आणि तिचा अर्धा मीटर भाग पाण्याखाली धरला तर पाण्यासमोर साधारण २ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. सेकंदाला दीड मीटर वेगाच्या पाण्यात त्यावर अंदाजे २४० किलोचा रेटा बसतो. सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, वेग असेल तर तोच रेटा साडेनऊशे किलोच्या घरात जातो. खेचून, ढकलून, 'एक दो तीन' म्हणून ती हलत नाही. दोर, पुली आणि बांधायला पक्का खडक लागतो.

दुसरी बाब पायाची. मांडीपर्यंतच्या पाण्यात दोन पायांवर ३ मीटर वेगाला ८०-९० किलोचा दाब येतो, तोही न थांबता. कपारीत पाय अडकलेला माणूस त्या दाबाविरुद्ध स्वतःला सरळ करू शकत नाही. तो पुढं वाकतो आणि पाणी त्याला वाकलेलाच धरून ठेवतं.

पोहरा_शिवाजी_पूल
सगळं मान्य, पण ज्याला पट्टीचं पोहता येतं त्याला एवढा बाऊ कशाला? आपल्याकडं पोरं पुराच्या पाण्यात उड्या मारत्यात. कमरेएवढ्या पाण्यात कोण बुडतंय? पाय टेकत असतील तर उभं राहायचं आणि चालत काठाला यायचं.

थ्रोबॅग
भावा, क्लिपमधला तो गडी हेच करायला गेला.

पंचगंगा घाटाजवळचा तळ बहुतेक ठिकाणी गाळाचा, वाळूचा, नाहीतर बांधीव पायऱ्यांचा. उतारावरच्या नदीचा तळ म्हणजे गोटे, आणि गोट्यांच्या मध्ये फटी. पाऊल फटीत जातं, प्रवाह शरीर पुढं ढकलतो, घोटा तिथंच राहतो. पाणी कमरेएवढंच असतं, म्हणूनच माणूस फसतो. डोक्यावरून पाणी असतं तर उभं राहायचं त्याच्या मनातही आलं नसतं. नियम सोपा आहे, वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पाय टेकायचे नाहीत. काठाला आलात तरी ढुंगण खडकाला लागेपर्यंत पोहतच राहायचं आणि मग बसूनच बाहेर सरकायचं.

पडल्यावर काय करायचं ते इस्कटून सांगतो. पहिल्यांदा राफ्ट कुठाय ते बघायचं. हाताच्या अंतरावर असेल तर कडेनं फिरवलेला दोर पकडायचा. लांब असाल तर पाठीवर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत, गुडघे थोडे वाकलेले, ढुंगण वर उचललेलं. समोर खडक आला तर तळव्यांनी ढकलायचं. हात पसरून दिशा सांभाळायची. श्वास लाटेच्या खोलगट भागात घ्यायचा. शिखरावर तोंड उघडलं तर पाणी आत जातं.

पण असं पडून राहणं म्हणजे नुसतं वाहत जाणं, आणि खाली आणखी मोठा उतार असेल तर ते परवडत नाही. गाइड हात करून बोलावतो किंवा खडकामागचं शांत पाणी दिसतं तेव्हा पालथं होऊन दम लावून पोहायचं. सरळ काठाकडं नाही, प्रवाहाला तिरकं, तोंड थोडं वरच्या अंगाला ठेवून. पोहणं येणाऱ्याचा फायदा इथं होतो, हे तुझं बरोबर. फक्त पुराच्या सपाट पाण्यातली सवय इथं जशीच्या तशी चालत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर कमी तरंगतं आणि हाताला पकड मिळत नाही. चांगला पोहणाराही तिथं जॅकेटशिवाय खाली जातो.

एका ठिकाणी मात्र उताणं राहायचंच नाही. समोर पाण्यात पडलेलं झाड, फांद्या, कुंपणाची तार असं काही आलं तर. पाणी त्यातून जातं, माणूस अडकतो. पाय पुढं करून गेलात तर पाय फांद्यांत शिरतात आणि पाणी वरून दाबतं. त्यामुळं आधी जीव खाऊन बाजूला पोहायचं. ते जमणारच नसेल तर शेवटच्या क्षणी पालथं होऊन डोकं पुढं, जोरात पाय मारत थेट फांदीवर छाती चढवायची आणि वर निघायचं.

मिरजकर_तिकटी
बारा जणींचा ग्रुप घेऊन जायचंय, निम्म्यांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट आयोजक देणार म्हणतात. ते बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि राफ्टखाली गेलेल्या माणसानं काय करायचं असतं, ते कुणी सांगितलंच नाही.

थ्रोबॅग
ताई, आधी जॅकेट. माणसाला पाण्यात तोंड वर ठेवायला साधारण ४-५ किलोचा आधार पुरतो, कारण बाकीचं वजन पाणीच पेलतं. फेसाळ पाण्यात त्याहून जास्त लागतो. आतल्या लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ७० न्यूटन म्हणजे सात किलोच्या आसपास. ५० न्यूटनचं तलावातल्या बोटीला ठीक, उतारावर त्याहून वरचंच मागा. लेबल पुसलं गेलं असेल तर फोम दाबून बघा. कडक, चुरचुरणारा, दाबल्यावर परत न फुगणारा फोम म्हणजे जॅकेट संपलं. बकलं सगळी लागतात का, शिलाई उसवली आहे का, बघायला अर्धं मिनिट लागतं.

मग माप. आधी कमरेचा पट्टा, मग बाजूचे, शेवटी खांद्याचे, असे आवळत वर या. कुणालातरी दोन्ही खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यातून निघणार. आवळूनही जॅकेट कानाच्या खाली राहत नसेल तर लहान माप घ्या. आपल्याकडं बायकांना सरसकट मोठ्या मापाची जॅकेटं देतात, 'बसतंय की' म्हणून. तिथं वाद घालायला मागंपुढं बघू नका. हेल्मेट कपाळावर बसलं पाहिजे, मागं कलंडलेलं नको. हनुवटीच्या पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा.

ओढणी, सैल टॉप, लांब मंगळसूत्र, अंगठ्या गाडीतच ठेवा. दोरात अडकतात. जीन्स नको. पायात मागं पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. स्लिपर पहिल्याच लाटेत जाते. चष्म्याला दोरी.

उलटा_प्रवाह
राफ्टखाली गेलात तर: जॅकेट तुम्हाला वर ढकलतं आणि वर राफ्टचा तळ असतो, म्हणून माणूस तिथंच चिकटल्यासारखा राहतो आणि भांबावतो. दोन्ही हात डोक्यावर, तळाला टेकवा आणि ज्या दिशेला सुरुवात केली त्याच दिशेला हातावर हात टाकत सरका. दिशा बदलायची नाही. १४ फुटी राफ्ट साधारण दोन मीटर रुंद असते. आडव्या दिशेनं तीन-चार हात टाकले की उजेड दिसतो. लांबीच्या दिशेनं गेलात तर जास्त लागतील, तरी बाहेर याल. क्लिपमधल्या माणसाला एवढा वेळ का लागला असेल? अर्ध्यात वळला असेल तर तेवढ्यात सगळी मेहनत वाया. राफ्ट पूर्ण उलटी झाली असेल तर दोन ट्यूबच्या मधल्या पोकळीत बऱ्याचदा हवा असते. एक श्वास घ्यायचा आणि निघायचं, तिथं बसून राहायचं नाही, कारण पुढचा खडक दिसत नाही.

बाहेर आल्यावर राफ्टच्या वरच्या अंगाला किंवा शेवटाला धरा. खालच्या अंगाला, म्हणजे राफ्ट आणि येणारा खडक यांच्यामध्ये, कधीच नाही.

बसण्याबद्दल: बूड बाहेरच्या ट्यूबवर, बाहेरचा पाय समोरच्या आडव्या ट्यूबच्या खाली, आतला पाय मागच्या ट्यूबच्या खाली किंवा पायखोबणीत. पाऊल खोचायचं ते ओढलं की निघेल एवढंच. एका हातानं पॅडलच्या टोकाची टी-आकाराची मूठ सतत झाकलेली पाहिजे. ती सुटली की शेजारणीचे दात. राफ्टवर होणाऱ्या दुखापतींत तोंडावर बसलेलं पॅडल फार वरच्या नंबरला आहे. आणि कमरेला दोर बांधून राफ्टला अडकवणं ही कुणा हुशाराची कल्पना असेल तर तिथंच थांबवा. राफ्ट उलटली की तो माणूस तिच्याबरोबर जातो.

पोहरा_शिवाजी_पूल
जॅकेट आणि पाय टेकायचं पटलं. पण मग पंचगंगेत तर खडकही नाहीत आणि उतारही नाही. तिथं राफ्ट, ट्यूब घेऊन उतरायला काय हरकत?

जलसंपदा_निवृत्त
या प्रश्नाची वाट बघत होतो. पंचगंगेत खडक नाहीत, बंधारे आहेत. आणि जगभरातले नदीबचाववाले खळाळत्या उतारापेक्षा बुटक्या, सरळ बंधाऱ्याला जास्त घाबरतात.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा कसा असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको, नावच आपल्या गावाचं आहे. ओळीनं खांब, खांबांत खाचा, खाचांत बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या), वर वाहतुकीची फरशी. पारंपरिक पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी आणि मध्ये माती. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस ओसरल्यावर घालतात. आता याच बंधाऱ्याचे तीन चेहरे बघा.

पहिला, बरगे घातलेले आणि पाणी वरून सांडतंय. सांडणारं पाणी खाली आपटतं, तळाशी जातं, थोडं पुढं जाऊन उकळल्यासारखं वर येतं. जिथं वर येतं तिथून पुढचं पाणी खाली नदीत जातं, पण अलीकडचं पाणी पृष्ठभागावरून मागं, पुन्हा बंधाऱ्याकडं येतं. त्या पट्ट्यात पडलेली वस्तू बंधाऱ्याकडं ओढली जाते, पडत्या पाण्याखाली दाबली जाते, पुढं वर येते, पुन्हा मागं. ओंडके, बाटल्या, थर्माकोल तासन् तास एकाच जागी फिरताना दिसतात ते यामुळं. नैसर्गिक उतारावरच्या होलला, म्हणजे खडकामागं असंच मागं फिरणाऱ्या पाण्याला, कुठंतरी तुटकी कड असते, तिथून माणूस बाहेर फेकला जातो. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, दोन्ही टोकांना भिंत. बाजूनं निसटायला जागाच नाही. पाणी फुटा-दोन फुटांवरूनच पडत असलं तरी हे होतं. वरून येणाऱ्या बोटीतून तर बंधारा दिसतही नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेष दिसते.

दुसरा, बरगे काढलेले, पाणी खांबांच्या मधून जातंय. गाळा साधारण दोन मीटरचा. आपण वर बोललो ती राफ्ट तेवढीच रुंद. सरळ गेली तरी घासणार आणि आडवी गेली तर दोन-तीन खांबांवर पसरून गुंडाळली जाणार. खांबांना अडकलेल्या फांद्या, ऊस, जलपर्णी म्हणजे थ्रोबॅगनी सांगितलेलं पडलेलं झाडच. एखाद्या गाळ्यात बरगे राहून गेले असतील तर ते वरून कळत नाही.

तिसरा, फरशी पाण्याखाली. पेपरात 'बंधारे पाण्याखाली' अशी बातमी येते तेव्हा पाणी फरशीच्या वरूनही जातं आणि खालूनही. वर सपाट, शांत वाटतं. फरशीच्या वरच्या कडेला खाली ओढणारा जोर असतो. तिथं खाली गेलेला माणूस फरशीखालच्या गाळ्यात शिरतो. डोक्यावर काँक्रीट.

राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याला पाठ असतं. ते आकडे वस्तीत पाणी शिरण्यासंबंधी आहेत. पातळी ३९ च्या बरीच खाली असतानाही बंधारा बोटीतल्या आणि पोहणाऱ्या माणसासाठी जीवघेणाच असतो.

कसबा_बावडा
यात पाण्याची आवक अचानक वाढते तोही मुद्दा घ्या. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, सात. धरण भरलं की माणसानं हात न लावता उघडतात. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक.

जलसंपदा_निवृत्त
बरोबर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एका दरवाजातून सेकंदाला ४० हजार लिटर, म्हणजे ४० टन पाणी भोगावतीत येतं. शहरात ते लगेच पोचत नाही, वाटेत पसरत येतं, पण वरच्या अंगाला काठावर असलेल्याला तेवढी सवड मिळत नाही. कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी त्यात मिसळतं ते वेगळंच. इथं ऊन असलं तरी गगनबावड्याकडं पाऊस कोसळत असतो. पावसाळ्यात पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काटक्या-पाला वाहायला लागला, काठावरचा ओला पट्टा वर सरकला, की गप बाहेर यायचं.

थ्रोबॅग
बंधाऱ्याखाली कुणी अडकलं तर वरून उडी मारून वाचवायला जाऊ नका. अशा घटनांत पहिल्या माणसापाठोपाठ वाचवायला गेलेले जातात. बोट घेऊन खालून गेलात तर उकळत्या रेषेच्या पलीकडं जायचं नाही, कारण बोटही आत ओढली जाते, इंजिन असलं तरी. फेसाळ पाण्यात पंख्याला पकड मिळत नाही. दोन्ही काठांवरून आडवा दोर ताणून त्याला तरंगतं काही बांधून नेणं, किंवा काठावरून दोर फेकणं, एवढंच. आत अडकलेल्याला फार पर्याय नसतात: जॅकेट सोडायचं नाही, पडत्या पाण्यापासून लांब राहायचं, आडवं एका काठाकडं सरकत राहायचं. खाली दाबलं गेलात तर अंग चोरून घ्यायचं. तळाचं पाणी पुढं जात असतं, ते कधीकधी बाहेर टाकतं. कधीकधीच. त्यामुळं खरा उपाय बंधाऱ्याच्या बराच आधी बोट काठाला लावून, उचलून, चालत खाली नेणं.

नागाळा_डॉक्टर
बाहेर काढल्यानंतरचं लिहितो, कारण क्लिपच्या शेवटी त्या राफ्टखाली गेलेल्या पोराला उभं करून पाठीत धपाटे घालताना दिसतात.

शुद्धीत असेल, बोलत असेल तर बसवा, कोरडं करा, खोकू द्या. धपाटे नकोत. बेशुद्ध पण श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल किंवा आचके देत असेल तर लगेच सीपीआर. इथं एक फरक लक्षात ठेवा. रस्त्यावर कोसळलेल्या माणसात छाती दाबण्यापासून सुरुवात करतात, बुडालेल्याचं हृदय प्राणवायूअभावी थांबलेलं असतं, म्हणून शिकलेल्या माणसानं आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे, मग ३० दाब, २ श्वास, ३० दाब, असं चालू ठेवायचं. दाब छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. श्वास देणं येत नसेल तर नुसते दाब द्या, थांबून राहू नका. दुसऱ्यानं १०८ ला किंवा ११२ ला फोन करायचा.

पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरागरा फिरवणं, हे सगळं आपल्याकडं अजून चालतं. त्यात मिनिटं जातात, आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. पोटातल्या पाण्यानं माणूस मरत नाही.

डोकं किंवा मान आपटल्याची शंका असेल तर हलवताना डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवा, पण श्वास नसेल तर श्वास आधी, मान नंतर.

आणि 'बरा आहे, चला जेवायला' म्हणू नका. पाण्याखाली गेलेला, नंतर खोकणारा, धाप लागणारा, ओठ निळसर पडलेला, गोंधळून बोलणारा, किंवा थोडा वेळ का होईना शुद्ध गेलेला माणूस दवाखान्यात गेलाच पाहिजे. फुप्फुसाला इजा झाली असेल तर पुढच्या काही तासांत दम वाढतो. अशा माणसाला सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात. रात्रीच्या परतीच्या गाडीत मागच्या सीटवर झोपवून आणणं म्हणजे ते तास कुणाच्याही नजरेखाली न राहणं.

मिरजकर_तिकटी
हे सगळं वाचून दोघींनी आत्ताच नाव काढून घेतलं! तरी जाणार आहोत. कोलाड की दांडेली, आणि आयोजकाला नेमकं काय विचारायचं?

उलटा_प्रवाह
दोन्ही धरणाच्या पाण्यावर चालतात. कोलाडला कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी रावळज्याहून सोडतात, साधारण सकाळी, त्यामुळं ती नदी उन्हाळ्यातही चालते. दांडेलीकडं काळी नदीवर सुपा धरणाखाली, गणेशगुडीला. कोल्हापूरहून गणेशगुडी बेळगाव-खानापूर-रामनगर मार्गे सोयीचं. कोलाडला रात्रभर प्रवास करून सकाळी थेट राफ्टवर बसायचा बेत बरेच ग्रुप करतात, तो करू नका. झोप नसलेला माणूस हुकूम ऐकून हलायला उशीर करतो. आदल्या रात्री पोचून झोपा. दारू दोन्ही रात्री बंद, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

सोडलेल्या पाण्यातली मेख अशी, की पाणी बंद झालं की नदी उतरत जाते. उशिरा सुटलेल्या राफ्टला खालच्या टप्प्यात खडक उघडे भेटतात आणि क्लिपसारखं अडकणं वाढतं. भरपूर पाण्यात खडक झाकले जातात, तिथं धोका उलटण्याचा आणि लांबवर वाहत जाण्याचा. गोव्यात म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग होतं, ती वेगळी गोष्ट. तिथं पाणी पावसाचं, रोज वेगळं, नवी झाडं पडलेली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी धरणाच्या पाण्यापासून सुरुवात करावी.

विचारायचं ते: आज पाणी किती वाजता सोडलंय आणि आपण किती वाजता उतरणार. एका राफ्टमध्ये किती जण. १४ फुटीत गाइड धरून आठच्या वर नको. पुढं सुरक्षेसाठी कयाक (एकट्यानं चालवायची छोटी होडी) आहे का, निदान दोन राफ्ट एकत्र निघतात का. एकटी राफ्ट उलटली तर माणसं गोळा करायला कुणी उरत नाही. प्रत्येक गाइडकडं थ्रो बॅग (फेकायचा दोर भरलेली पिशवी) आणि चाकू आहे का. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते, तिचा कागद बघायला मागा. जो चिडेल त्याच्याकडं जाऊ नका.

दम्याचा, फिटचा, हृदयाचा त्रास, नुकताच निखळलेला खांदा, गरोदरपण असेल तर काठावर बसून फोटो काढा.

पोहरा_शिवाजी_पूल
थ्रो बॅग आम्हा पोरांनी घाटावर ठेवली तर? साधा नायलॉनचा दोर चालेल का?

थ्रोबॅग
नायलॉन बुडतो, ताणतो, पाणी पितो. पॉलिप्रॉपिलिनचा तरंगणारा दोर घे, ८ ते १० मिलिमीटर जाड, १५ ते २० मीटर, भडक पिवळा किंवा केशरी. पिशवीत दोर गुंडाळून भरायचा नाही. हातानं थोडा थोडा कोंबत भरायचा, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. पिशवीच्या तळाला फोमची चकती, दोराचं आतलं टोक तिथून बाहेर काढून गाठ.

फेकायच्या आधी नाव घेऊन किंवा 'दोर!' म्हणून ओरडायचं, नजरानजर झाली की फेकायचं. मोकळं टोक डाव्या हातात घट्ट, मनगटाला गुंडाळायचं नाही. खालून हात झोकून, त्याच्या डोक्याच्या थोडं पलीकडं, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडेल. अलीकडं पडला तर वाया. धरल्यावर झटका बसतो, म्हणून लगेच खाली बसायचं, दोर पाठीमागून कमरेवर घ्यायचा, टाचा रोवायच्या. ओढत बसायचं नाही. प्रवाहच त्याला झोकून काठाला आणतो. त्यासाठी खाली काठ मोकळा हवा, म्हणून उभं राहायची जागा आधी निवडायची. पाण्यातल्यानं पिशवी न धरता दोर धरायचा, छातीशी, काठाकडं पाठ करून उताणं, दोर काठापासून लांबच्या खांद्यावरून. पहिला नेम चुकला तर दोर भराभर ओढून घ्यायचा, पिशवीत थोडं पाणी भरून पुन्हा फेकायचा. दोर पिशवीत भरत बसलास तर माणूस पुढं गेला. शाळेच्या मैदानावर खुर्ची ठेवून तिच्यावर दोर पडेपर्यंत सराव करा.

कसबा_बावडा
एक राहिलं. क्लिप आवाज वाढवून पुन्हा पाहिली. गाइड हाय साइड ओरडला असेलही, पाण्याच्या आवाजात काही कळत नाही. पुढच्यांना ऐकूच गेलं नाही तर?

उलटा_प्रवाह
म्हणून हुकूम पुढच्यांनी मोठ्यानं परत म्हणायचा, एकानं तरी. उताराच्या तोंडाशी मागून पुढं आवाज जात नाहीच. काठावरच्यांशी बोलायला खुणा आहेत. शिट्टी एकदा म्हणजे इकडं बघ, तीनदा म्हणजे संकट. पॅडल डोक्यावर आडवं म्हणजे थांबा, उभं म्हणजे या. बोट किंवा पॅडल ज्या बाजूला दाखवतात ती नेहमी जायची बाजू असते. धोक्याकडं कधीच बोट करत नाहीत, नाहीतर लोक तिकडंच जातात. पाण्यात पडलेल्याकडं बघून गाइड टाळूवर हात थापटतो, तो 'ठीक आहेस का' असा प्रश्न असतो. ठीक असाल तर तसाच टाळूवर हात थापटून दाखवा. नुसता हात हलवला तर मदत मागितली असं समजून दोर येतो.